जुना फ्लॅट घेताना गिझर, गॅस आणि अर्थिंग कसं तपासून घ्यावं? (कोल्हापूर)

मृण्मयी_के

ताराबाई पार्कात एक 2 बीएचके रीसेल फ्लॅट जवळजवळ पसंत पडला आहे. बिल्डिंग 2009 ची, दुसरा मजला, कागदपत्रं वकिलांनी बघितली आहेत. विसार द्यायच्या आधी एकाच गोष्टीवर घोडं अडलंय.

कॉमन बाथरूममध्ये आतच गॅस गिझर लावलाय. सिलिंडर शेजारच्या ड्राय बाल्कनीत आहे आणि रबरी नळी खिडकीच्या फटीतून आत घेतलीय. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर बाहेरून दिसू नये म्हणून प्लास्टिकचा कागद चिकटवलाय, म्हणजे खिडकी असून नसल्यासारखीच. मास्टर बेडरूमच्या बाथरूमला माळ्यावर पंधरा लिटरचा इलेक्ट्रिक गिझर आहे. गच्चीवर सोलरची टाकी आहे, पण ती नक्की कुणाच्या मालकीची यावर मालक आणि एजंट यांचं एकमत नाही.

एजंट म्हणतो, "ताई, सगळं चालू आहे, नळ सोडून बघा." नळ सोडला, गरम पाणी आलं. पण पाणी गरम येणं आणि ते सुरक्षितपणे गरम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात सासूबाई आहेत, लहान मूल आहे. विसाराआधी काय काय बघावं आणि कुणाला सोबत न्यावं?

पन्हाळकर

फ्लॅट सोडू नका, गिझर सोडा. बाथरूमच्या आतला गॅस गिझर पहिल्या दिवशी काढून टाकायचा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

रंकाळा_चौपाटी

काढायचाच आहे तर तपासायचा कशाला? दोन्ही गिझर भंगारात घाला, नवीन बसवा, विषय संपला. गिझरच्या किमतीसाठी एवढा खल कशाला?

कळंबेकर

आमच्यात बरीच वर्षं बाथरूममध्येच गॅस गिझर हाय. काय झालं न्हाई. लोकं उगंच भ्या घालत्यात. वर जाळी हाय, एग्झॉस्ट हाय, गॅसचा वास आला की कळतंयच की.

शाहूपुरी_डॉक्टर

कळंबेकर दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहितोय, कारण हा समज फार लोकांचा आहे.

सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. त्यात मर्कॅप्टन मिसळतात, म्हणून गळती नाकाला कळते. पण गिझरचा जीवघेणा धोका गळतीचा नाही, जळण्याचा आहे. बंद जागेत ज्योत हवेतला प्राणवायू खाते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. अंघोळ करणाऱ्याला वाटतं, उपाशीपोटी गरम पाण्याने गरगरलं असेल. दार आतून कडी लावलेलं. खाली पडला तर बाहेरच्यांना कळेपर्यंत वेळ गेलेला असतो.

आणखी एक. अशा माणसाच्या बोटाला घरातला ऑक्सिमीटर लावला तर तो 98 सुद्धा दाखवेल. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि "गिझर चालू होता" हे डॉक्टरांना आधी सांगा. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते आणि प्राणवायू लगेच सुरू करावा लागतो.

कळंबेकर

डॉक्टर, वास न्हाई हे खरंच ठाऊक नव्हतं. मग एग्झॉस्ट चालू ठेवला तर?

शाहूपुरी_डॉक्टर

पंखा आतली हवा बाहेर फेकतो, पण तेवढी हवा आत यायला वाट हवी ना. दार बंद, खिडकी बंद, दाराखालची फट पायपुसण्याने बुजलेली, मग पंखा फिरतो पण हवा हलत नाही. पंख्याच्या भरवशावर गिझर आत ठेवू नका. ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या.

कळंबेकर

या रविवारी प्लंबरला बोलावतोय. पाइप वाढवायला काय डोंगर फोडायचा न्हाई.

पन्हाळकर

नाद खुळा! धाग्याचं सार्थक झालं.

तारतंत्री

मी वायरिंगच्या कामात आहे. रंकाळा_चौपाटी यांना उत्तर देतो. गिझर भंगारात घालता येतो, पण भिंतीतली वायर, अर्थिंग आणि डक्ट (बाथरूममागचा पाइपांचा उभा बोळ) भंगारात घालता येत नाही. तपासायचं ते हे.

आधी सॉकेट. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर खेचतो. त्याला 16 अँपिअरचं पॉइंट आणि किमान 2.5 चौ.मि.मी.ची तांब्याची वायर हवी, 4 ची असली तर उत्तम. बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या लाइटच्या वायरवरच गिझर ओढलेला असतो. गिझर अर्धा तास चालवा, बंद करा, प्लग काढून बघा. पिनांभोवती प्लास्टिक तपकिरी झालंय, मऊ पडलंय, जळका वास येतोय, तर त्या लाइनची वायर बदलायची.

दुसरं अर्थिंग. तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. सॉकेट उघडून बघावं लागतं. काही ठिकाणी हिरवी वायर आलेलीच नसते. काही महाभाग न्यूट्रलमधूनच एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडतात. टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख पेटतो, बघणारा खूश. पण मागे कुठे न्यूट्रल सुटली की गिझरच्या पत्र्यावर पूर्ण करंट येतो, आणि ओल्या पायाने उभा असलेला माणूस शॉवरला हात लावतो. म्हणून लॅम्प पेटला तरी सॉकेट उघडल्याशिवाय मी हो म्हणत नाही. ही तपासणी वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः करू नका.

तिसरं आरसीसीबी. मीटरजवळच्या किंवा घरातल्या डीबीमध्ये (स्विचांच्या मुख्य डब्यात) 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडून वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबी जास्त भार आला की पडते आणि वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की ती पडलीच पाहिजे. पडली नाही तर ती नुसती शोभेला आहे. काही घरांत सारखी पडते म्हणून कुणीतरी तिला बायपास केलेलं असतं. सारखी पडत होती याचा अर्थ कुठंतरी गळती होती, आणि ती गळती अजून तिथंच आहे.

चौथं, माळ्यावरच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. थंड पाणी आत जातं तिथे तो असतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब गळणं ही त्याची नेहमीची चाल आहे. पण "गळतंय" म्हणून लोक त्याला एम-सील लावतात किंवा टोपण बसवतात. मग थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही बिघडले तर वाफेला वाटच राहत नाही आणि टाकी फुटते. शिडी लावून चढा आणि डोळ्यांनी बघा.

आणि महावितरणचं बिल मागा. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. दोन गिझर, एसी, इंडक्शन असं सगळं चालवायचं तर तो पुरतो का हे विसाराआधी कळेल.

गंगावेस_दूधकट्टा

तारतंत्री दादा, प्रिंट काढून दाराला चिकटवली!

बाकी एवढी भानगड नको असेल तर आपला तांब्याचा बंब झिंदाबाद. दोन शेणी, चार ढलप्या, की अख्ख्या घराची अंघोळ. आरसीसीबी नको, महावितरण नको. दिवाळीच्या पहाटे त्या धुराच्या वासाशिवाय अभ्यंगस्नान झाल्यासारखं वाटतच नाही.

अंबाई_टँक

बंब अंगणात असेल तर मी पण तुमच्या बाजूने. फ्लॅटच्या बाथरूममध्ये मात्र नको. धूर दिसतो म्हणून माणूस सावध राहतो, पण धूर संपून नुसते निखारे उरले की तेच खरे घातक.

विषय निघालाच आहे म्हणून बाळंतिणीच्या शेगडीचं लिहिते. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत बाळ-बाळंतिणीला शेक देतात. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून, फटीत कापडं कोंबून, खाटेखाली कोळशाची शेगडी. डॉक्टरांनी वर जे गिझरबद्दल लिहिलं ते निखाऱ्यालाही लागू होतं ना?

शाहूपुरी_डॉक्टर

शंभर टक्के. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो आणि बाळ मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतं. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी हवी, आणि शेगडी खोलीत ठेवून कुणीही झोपायचं नाही. आजीला दुखवायचं नसेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या, ऊब तीच मिळते.

लीड्सकर_मूळचा_कागलचा

इंग्लंडमध्ये घर घेताना काय केलं ते सांगतो. इथे अख्खं घर तापवणारा गॅस बॉयलर असतो. खरेदीआधी सर्व्हेअर घर बघून जातो, पण तो बॉयलर नुसता नजरेने बघतो, चालवून तपासत नाही. त्यासाठी गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूस वेगळा बोलवावा लागतो. त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि त्याला कोणकोणती कामं करायला परवानगी आहे हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मी ते उलटून वाचलं, त्याला अजिबात राग आला नाही. त्याने ज्योत बघितली, धुराचा नळ बाहेर कुठे निघतो आणि शेजारच्या खिडकीपासून किती लांब आहे ते बघितलं, आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या.

घर भाड्याने द्यायचं असेल तर इथे दरवर्षी गॅसची तपासणी सक्तीची आहे. ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरात गॅसचा बॉयलर किंवा शेकोटी असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झालाय. स्वतःचं घर विकणाऱ्यावर मात्र अशी सक्ती नाही, घेणाऱ्यानेच विचारायचं.

आपल्याकडे रेडिएटर नाहीत, बॉयलर नाही, पण बंद जागेतली ज्योत तीच आहे. मृण्मयीताई, एक अलार्म ऑनलाइन मागवून ठेवा. आणि धुराचा अलार्म वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. खोक्यावर नीट वाचून घ्या.

गगनबावडा_पाऊस

सोलरवर कुणीच बोललं नाही. माझ्या मते कोल्हापुरात सोलरसारखं सुख नाही, ज्योत नाही आणि वर्षातले बरेच महिने वीजही लागत नाही. पण रीसेल फ्लॅटमध्ये सोलर आहे एवढं ऐकून खूश होऊ नका, गच्चीवर जा.

टाकीत बॅकअपचा कॉइल असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं तेव्हा सगळी मदार त्याच्यावर. त्याची वायर पाऊस-ऊन खात गच्चीवर उघडी पडलेली असते. तिचं आवरण हाताने दाबलं तर तुकडे पडतात का बघा (आधी मेन बंद!). ती लाइन कुठल्या फ्लॅटच्या मीटरवर आहे आणि तिला आरसीसीबी आहे का, तेही विचारा. टाकीला वर हवा जाण्याचा उभा पाइप असतो, तो बंद केलेला नसावा. स्टँडचे पाय गंजलेत का बघा. दोनशे लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच दोनशे किलो, आणि आपला वळवाचा वारा सगळ्यांना माहीत आहे.

एप्रिल-मे मध्ये सोलरचं पाणी इतकं तापतं की सरळ अंगावर घेतलं तर भाजेल. घरात लहान मूल आहे म्हणता, तर मिक्सर नीट चालतो का बघा आणि मुलाला कायम थंड नळ आधी सोडायला शिकवा.

बोअरचं पाणी असेल तर ट्यूबमध्ये आणि गिझरच्या कॉइलवर क्षार साठतात. नळाच्या तोंडावर पांढरी खरवड दिसली की समजायचं.

रंकाळा_चौपाटी

काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली ना शहरात आता, बोअर कशाला?

गगनबावडा_पाऊस

त्या विषयाला हात घातलात तर हा धागा पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालेल. :)

व्हीनस_कॉर्नर

पाणी निघालंच आहे तर आमच्या भागाचं सांगतो. 2019 आणि 2021 ला पूर आलेल्या भागात घर घेत असाल तर पार्किंगमधले मीटर आणि अर्थिंगचा खड्डा किती पाण्यात होता हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो. पाण्यात राहिलेले जॉइंट बाहेरून पुसून रंगवले तरी आतून हिरवे पडतात. पुरानंतर मेन केबल आणि मीटरबोर्ड बदलला का, याची सोसायटीकडे नोंद असते. दुसऱ्या मजल्यावर पाणी आलं नसेल, पण अर्थिंग सगळ्यांचं तळमजल्यातूनच येतं.

तारतंत्री

अगदी महत्त्वाचा मुद्दा. माझ्या यादीत हा हवाच होता.

निळी_ज्योत

गॅसच्या बाजूचं थोडं. मी गॅस शेगड्या आणि गिझर दुरुस्तीचं काम करतो.

गिझरची ज्योत समोरच्या झरोक्यातून दिसते. निळी, स्थिर आणि आवाजाला सारखी हवी. पिवळी, नारिंगी, लवलवणारी असेल तर बर्नर चोंदलाय किंवा हवा कमी पडतेय. वरच्या टाइल्सवर आणि झाकणावर काजळी आहे का, बोट फिरवून बघा. मालक गिझर पुसून ठेवतात, गिझरच्या मागची भिंत पुसायला विसरतात.

रबरी नळी नारिंगी, आयएसआय मार्कची आणि दीड मीटरच्या आत हवी. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. भिंतीतून किंवा खिडकीच्या फटीतून रबरी नळी न्यायची नाही, पट्टी घासून ती कापली जाते. मृण्मयीताईंनी लिहिलंय तसंच तिथे आहे, म्हणजे ही चूक डोळ्यांसमोरच आहे. गळती बघायची ती साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीच नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडर खोलगट किंवा बंद कपाटात नको. गळतीचा संशय आला तर 1906 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

पाइप गॅस येणार असेल तर लक्षात ठेवा, सिलिंडरवरचा गिझर तसाच पाइप गॅसला जोडायचा नाही. दाब आणि जेट दोन्ही वेगळे असतात.

आणि डक्ट! गिझर बाहेर लावा म्हटलं की लोक डक्टमध्ये लावतात. अरुंद डक्टमध्ये तुमचा धूर वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये जातो. खालच्या मजल्यावाल्याचा गिझर डक्टमध्ये आहे का, हेही वाकून बघा.

करवीर_कायदा

व्यवहाराच्या बाजूने. सोलर कुणाचं, हे तोंडी ठेवू नका. गच्चीवरच्या सोलरला सोसायटीने परवानगी दिल्याचं पत्र किंवा ठराव मागा. साठेखतात फ्लॅटबरोबर काय काय मिळणार याची यादी घाला आणि ज्या दुरुस्त्या मालक ताब्याआधी करून देणार त्या नावानिशी लिहा. तेवढी रक्कम ताब्यापर्यंत राखून ठेवण्याची अट टाकता येते. गॅस कनेक्शन फ्लॅटबरोबर येत नाही, तुमचं स्वतःचं त्या पत्त्यावर बदलून घ्या.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी: रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातले, कामाच्या दर्जातले किंवा सुविधांमधले दोष बिल्डरने खर्च न घेता दुरुस्त करायचे असतात. सदोष वायरिंग लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर नको.

मृण्मयी_के

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वायरमन आणि गॅस मेकॅनिक दोघांना घेऊन गेले. एजंटचं तोंड वाकडं झालं, पण मालकांनी हरकत घेतली नाही.

मास्टरमधलं सॉकेट उघडलं तर हिरवी वायर आत होती, पण पिनेला जोडलेलीच नव्हती, टोक वळवून मागे दाबून ठेवलेलं. डीबीमधल्या आरसीसीबीचं बटण दाबलं तर ती पडली नाही. माळ्यावरच्या गिझरचा व्हॉल्व्ह ठीक निघाला. गॅस गिझरची ज्योत सुरुवातीला निळी होती. मेकॅनिकने दार उघडं ठेवून काही मिनिटं चालवली तेव्हा टोकं पिवळी व्हायला लागली. त्याने लगेच बंद केलं आणि गिझर भिंतीवरून उचलून दाखवला, मागे टाइलवर तळहाताएवढा काळा डाग होता. मालकीणबाई ते बघून खाली बसल्या. त्यांची मुलगी रोज तिथेच अंघोळ करायची. त्यांनी स्वतःच सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवला.

अर्थिंग जोडणं, नवीन आरसीसीबी आणि गिझरची लाइन बदलणं मालक ताब्याआधी करून देणार, साठेखतात तसं येतंय. सोलर सोसायटीच्या परवानगीचं निघालं, पत्र मिळालं. खाली वाकून बघितलं, पहिल्या मजल्याचा गिझर खरंच डक्टमध्ये आहे. आता त्याचं काय करू?

निळी_ज्योत

त्या घरी जाऊन नीट सांगा, भांडायला नको. ड्राय बाल्कनीत हलवायला फार खर्च येत नाही. ऐकलं नाही तर सोसायटीला लेखी द्या. तोवर तुमची डक्टकडची खिडकी त्यांच्या अंघोळीच्या वेळी बंद ठेवा.

अंबाई_टँक

जाताना डॉक्टरांचा प्रतिसाद मोबाईलवर उघडून न्या. कळंबेकर दादांना पटला, त्यांनाही पटेल.

कळंबेकर

व्हय ताई, माझं नाव सांगा बिनधास्त. आमचा गिझर बाल्कनीत गेला. आता शेजारच्या दोन घरांचं बघायलोय.

लीड्सकर_मूळचा_कागलचा

मृण्मयीताई, डक्टचं काम होईपर्यंत अलार्म बाथरूमच्या आत नको, वाफेने बिघडतो. दाराबाहेर पॅसेजमध्ये, झोपायच्या खोल्यांच्या जवळ लावा आणि आठवड्याला टेस्टचं बटण दाबत जा. मागे संपण्याची तारीख असते, ती संपली की अलार्म बदला.